रोमचे तिसरे पान

कामगारांना इतिहास शिकवावा की नाही, याविषयी समाजवादी पत्रकारांत फारसा मतभेद कधी नव्हता. शिकवावा, यावर साऱ्यांचे एकमत होते. पण तो कशासाठी शिकवायचा, आणि शिकवताना त्याच्याशी किती सलगी करायची, या प्रश्नांची उत्तरे ज्याने त्याने आपापल्या सोयीने दिली. कोणी प्राचीन काळातून कामगारांसाठी पूर्वज शोधून आणले, कोणी हुतात्मे शोधून आणले. एका संपादकाने मात्र इशारे शोधून आणले. हा संपादक म्हणजे न्यूयॉर्कच्या ‘द पीपल’चा डॅनियल डी लिऑन. ‘रोमन इतिहासातील दोन पाने’ ही त्याची पुस्तिका १९०२ साली दिलेल्या दोन व्याख्यानांची मिळून झाली आहे. आज ती फारसे कोणी वाचत नाही. मला ती या जातीच्या सबंध वाङ्मयात सर्वांत गुणी वाटते, आणि सर्वांत धोक्याचीही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

गोष्ट सांगून कष्टकऱ्यांना शहाणे करण्याची प्रथा समाजवाद्यांनी काढलेली नाही, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. लिव्हीच्या इतिहासात ती फार जुनी आहे. इ. स. पूर्व ४९४ मध्ये कर्जाने गांजलेले प्लेबियन, म्हणजे रोमचे सामान्य नागरिक, शहर सोडून पवित्र टेकडीवर जाऊन बसले. त्यांची समजूत घालायला मेनेनियस आग्रिप्पा गेला आणि त्याने पोटाविरुद्ध संप करणाऱ्या हातापायांची गोष्ट सांगितली. पोट आयते खाते असे वाटले तरी त्याच्यावाचून हातपाय वाळतात, हे तिचे तात्पर्य. गोष्ट सांगणारा सरदारांचा वकील होता आणि ऐकणारे कर्जबाजारी होते. पुढे कित्येक पिढ्या शाळेतल्या लॅटिनच्या धड्यांतून हीच गोष्ट हातापायांना शिकवली गेली. तेव्हा समाजवादी संपादकांनी रोमकडे धाव घेतली, ती एका रिकाम्या खोलीत नव्हे. तेथे मालकांचे सामान आधीच मांडलेले होते. ते हलवल्यावाचून यांना बसायलाही जागा नव्हती.

डी लिऑनचा जन्म १८५२ सालचा, क्युरासाव बेटावरचा. शिक्षण युरोपात झाले. नंतर १८७८ मध्ये त्याने कोलंबियातून कायद्याची पदवी घेतली आणि पुढे काही वर्षे तेथेच व्याख्याने दिली. १८९० मध्ये तो सोशलिस्ट लेबर पार्टीत शिरला. तिच्या ‘द पीपल’ या पत्राचे संपादकपद त्याच्याकडे आले ते १९१४ मध्ये मरेपर्यंत सुटले नाही. १९०० साली या साप्ताहिकाला ‘डेली पीपल’ या दैनिकाची जोड मिळाली. हा संपादक केवळ अग्रलेख लिहून थांबत नसे. मार्क्सचा ‘अठरावा ब्रूमेअर’ त्याने इंग्रजीत आणला, बेबेलचे स्त्रीप्रश्नावरचे पुस्तक आणले, आणि यूजेन स्यूची ती प्रचंड कादंबरीमालाही आणली, जिच्यात सीझरच्या काळापासून १८४८ पर्यंत एकाच कष्टकरी घराण्याची कहाणी चालत येते. दिवसभर राबलेल्या माणसाला संध्याकाळी दोन हजार वर्षांचे वाचन पेलेल, असा त्याचा विश्वास होता. आपल्या वाचकाविषयी संपादकाने इतका आदर बाळगावा, ही गोष्ट आजही थोडीथोडकी नाही.

आता पहिले पान. इ. स. पूर्व ३७६ पासून लिसिनियस आणि सेक्स्टियस या दोन ट्रिब्यूनांनी तीन कायद्यांचा आग्रह धरला. पहिला कर्जाविषयी: दिलेले व्याज मुद्दलातून वळते करून उरलेली रक्कम तीन वार्षिक हप्त्यांनी फेडावी. दुसरा जमिनीविषयी: सार्वजनिक जमिनीपैकी ५०० युगेरा, म्हणजे सुमारे ३१० एकरांहून अधिक कोणीही धरू नये. तिसरा राज्यपदाविषयी: दोन कॉन्सलांपैकी एक प्लेबियन असावा. लिव्ही म्हणतो की, सामान्य लोकांना पहिले दोन कायदे हवे होते, तिसऱ्याची त्यांना विशेष आच नव्हती. ते दोन मंजूर करून तिसरा सोडून द्यायलाही ते तयार होते. पण पुढारी अडून बसले: घ्याल तर तिन्ही घ्या, नाहीतर एकही नाही. इ. स. पूर्व ३६७ मध्ये तिन्ही कायदे झाले, आणि पुढच्याच वर्षी सेक्स्टियस कॉन्सल झाला. लिसिनियसचे पुढे काय झाले, तेही लिव्हीनेच नोंदवले आहे. त्याने आपल्या मुलाला कायद्याने वेगळे काढले, दोघांच्या नावे मिळून १००० युगेरा जमीन धरली, आणि इ. स. पूर्व ३५७ मध्ये स्वतःच केलेल्या कायद्याखाली दंड भरला.

डी लिऑन येथे नेमके बोट ठेवतो. प्लेबियन या एका शब्दाखाली दोन माणसे राहत होती: एक कर्जाने पिचलेला शेतकरी, आणि दुसरा पैसा असून मान नसलेला श्रीमंत. दुसऱ्याने पहिल्याच्या दुःखाची शिडी केली आणि वर चढल्यावर ती खाली ढकलून दिली. अमेरिकेतही तेच चालले आहे, असे तो श्रोत्यांना बजावतो. कामगार संघांचे पुढारी कामगारांच्या पोटाची भाषा बोलतात आणि स्वतःसाठी मालकांच्या पंगतीत पाट मांडून घेतात. त्याच्या डोळ्यांसमोर सॅम्युएल गॉम्पर्स आणि नॅशनल सिव्हिक फेडरेशन ही संस्था होती. १९०० साली निघालेल्या या संस्थेत गिरणीमालक, बँकवाले आणि संघांचे पुढारी एका टेबलाभोवती बसत. ही तुलना गॉम्पर्सला सर्वस्वी न्याय देणारी नाही, हे मान्य. पण एकदा वाचली की ती डोक्यातून जात नाही, हेही तितकेच खरे.

या पानाचे मोल कळायला त्याच्या शेजारी दुसरे एक पुस्तक ठेवून पाहावे. सी. ऑस्बर्न वॉर्ड याने १८८८ मध्ये ‘द एन्शन्ट लोली’ हा ग्रंथ काढला. प्राचीन काळातले संप, गुलामांची बंडे, रोममधल्या कारागिरांची मंडळे यांचे लेख आणि उल्लेख त्याने अपार कष्टाने गोळा केले, आणि त्या मंडळांत आजच्या कामगार संघांचे पूर्वज पाहिले. वॉर्डचा वाचक अभिमानाने ताठ होतो: आपण काल उपटलेले नाही, आपले घराणे दोन हजार वर्षांचे आहे! भावना सुंदर आहे, आणि ज्याला जन्मभर घराणे नाकारले गेले त्याला तिची गरजही असते. पण अशा इतिहासाने माणूस सुखावतो. त्याला शहाणपण येतेच असे नाही. डी लिऑन आपल्या वाचकाला वंशावळ देत नाही. तुमच्यासारखेच लोक पूर्वी फसले, ते कोणत्या जागी फसले ते पाहा, एवढेच तो म्हणतो. खुशामतीच्या इतिहासाहून हा इतिहास कडू आहे, आणि म्हणूनच औषधाच्या जवळचा आहे.

दुसरे पान ग्राकस बंधूंचे. टायबेरियस ग्राकसने इ. स. पूर्व १३३ मध्ये सार्वजनिक जमिनीचे वाटप हाती घेतले. ऑक्टेव्हियस या दुसऱ्या ट्रिब्यूनने नकाराधिकार वापरताच त्याला लोकांच्या मतांनी पदावरून दूर केले. वर्ष संपायच्या आत सेनेटरांनी त्याला आणि त्याच्या सुमारे ३०० अनुयायांना दांडक्यांनी ठेचून मारले. दहा वर्षांनी धाकटा भाऊ गायस पुढे आला. त्याने स्वस्त धान्याचा कायदा केला, वसाहती काढल्या, न्यायासने सेनेटकडून काढून धनिक अश्ववर्गाकडे दिली. तेव्हा सेनेटने एक युक्ती केली. लिव्हियस ड्रुसस या ट्रिब्यूनला तिने पुढे केले. गायस दोन वसाहती देतो काय, मग ड्रुसस बारा देईल. गायस जमिनीवर खंड लावतो, ड्रुसस तोही माफ करील. लोक ड्रुससकडे वळले. इ. स. पूर्व १२१ मध्ये गायस मारला गेला, आणि प्लुटार्कच्या मते त्याच्याबरोबर ३००० माणसे मेली.

या हकीकतीवरून डी लिऑन क्रांतीचे दहा नियम काढतो. क्रांतीने जुन्या कायद्याच्या आकाराला कवटाळू नये, तुकडे टाकून माणसे जमवू नयेत, वक्तृत्वापेक्षा विचारावर उभे राहावे, दुटप्पी बोलू नये, अशा वळणाचे हे नियम आहेत. त्यांतला तुकड्यांचा नियम मला सर्वांत खोल वाटतो. तुकड्यावर जमवलेली माणसे मोठा तुकडा दिसताच उठून जातात, आणि मोठा तुकडा नेहमी ज्याच्या घरी भाकरी आहे त्याच्याच हातात असतो. ड्रुससची गोष्ट ज्याने नीट वाचली, त्याला निवडणुकीच्या तोंडावरच्या घोषणा ऐकताना वेगळ्या भाष्यकाराची गरज पडू नये. एका मिळमिळीत राजकीय सत्याला दोन हजार वर्षांपूर्वीचे रक्त आणि हाड देणे ही सामान्य कामगिरी नव्हे.

इतके मान्य केल्यावर माझे आक्षेप मांडतो.

पहिला आक्षेप डी लिऑनच्याच टेबलावर पडलेला होता. ज्या ‘अठराव्या ब्रूमेअर’चे त्याने भाषांतर केले, त्यातच मार्क्सने रोमन पोशाख चढवून आपले नाटक करणाऱ्या फ्रेंच क्रांतिकारकांची थट्टा केली आहे. त्याच ग्रंथाच्या १८६९ च्या आवृत्तीला लिहिलेल्या प्रस्तावनेत तर तो अधिक स्पष्ट बोलतो. प्राचीन रोममधला वर्गकलह मूठभर स्वतंत्र नागरिकांतल्या गरिबांचा आणि श्रीमंतांचा होता; उत्पादन करणारा गुलाम त्या लढाईचा निव्वळ चौथरा होता. सिस्मोंदीचा दाखला देऊन तो असेही म्हणतो की, रोमचा निर्धन वर्ग समाजाच्या जिवावर जगत असे, आणि आजचा समाज कामगाराच्या जिवावर जगतो. हा भेद तपशिलाचा नव्हे, तो मुळावरचा आहे. प्लेबियनाने टेकडीवर जाऊन बसण्यात आणि गिरणीकामगाराने साचा बंद करण्यात फरक आहे. डी लिऑनच्या दोन पानांचा नायक प्लेबियन आहे. ज्या वर्षी टायबेरियस मारला गेला, त्या वर्षी सिसिलीत गुलामांचे पहिले मोठे युद्ध पेटलेले होते. कामगारांना रोम दाखवायचे तर त्या बेटाकडे पाठ फिरवून कसे चालेल? पुढे इ. स. पूर्व ७३ ते ७१ या काळात स्पार्टाकसने मार्क्सचा तो चौथराही हलू शकतो हे दाखवले, आणि त्याची किंमत म्हणून कापुआ ते रोम या रस्त्यावर ६००० माणसे क्रुसांवर टांगली गेली.

दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि तो साक्षीदाराविषयी आहे. लिसिनियसचे कायदे झाले इ. स. पूर्व ३६७ मध्ये. लिव्ही लिहीत होता त्यानंतर सुमारे साडेतीन शतकांनी. मधल्या काळात ही हकीकत अनेक हातांतून गेली होती. त्यांतला एक हात लिसिनियस मासेर या बखरकाराचा. हा स्वतः इ. स. पूर्व ७३ मध्ये ट्रिब्यून होता, लोकपक्षाचा होता, आणि नावावरून दिसतेच की लिसिनियसांच्याच कुळातला होता. आपल्या कुळाचा मोठेपणा गाण्याच्या भरात त्याचा शब्द हलका पडतो, असा इशारा खुद्द लिव्हीने सातव्या खंडात दिला आहे. ५०० युगेरांची मर्यादा खरोखर चौथ्या शतकातली, की ग्राकस बंधूंच्या काळातला वाद मागे नेऊन चिकटवलेला, याविषयी इतिहासकारांत आजही एकमत नाही. याचा अर्थ काय होतो, तो पाहावा. डी लिऑन ज्याला इतिहास समजून त्यातून पक्षाचे धडे काढत होता, त्यात रोमच्याच पक्षांनी आपले धडे आधी भरून ठेवले होते. तो एका जुन्या वृत्तपत्राचा अग्रलेख वाचत होता आणि त्याला शिलालेख समजत होता. ज्या माणसाने कायद्याची पदवी घेतली होती, त्याने आपल्या मुख्य साक्षीदाराची उलटतपासणी घेतली नाही, याचे आश्चर्य वाटते. विरुद्ध पक्षाचा साक्षीदार असता तर त्याने ती घेतल्याशिवाय सोडली नसती.

तिसरा आक्षेप निष्कर्षाच्या घाईचा. ग्राकसांचे सारे फुकट गेले असे मानल्याखेरीज दहा नियमांना धार येत नाही. पण टायबेरियसच्या मृत्यूनंतरही त्याचे जमीनवाटप मंडळ काम करीत राहिले. त्याने रोवलेले हद्दीचे दगड इटलीत सापडले आहेत. रोमन शिरगणतीत इ. स. पूर्व १३१ मध्ये ३,१८,८२३ नागरिक होते, ते इ. स. पूर्व १२५ मध्ये ३,९४,७३६ झाले. या वाढीचे कारण जमीनवाटपच, असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये. विद्वानांत त्यावर वाद आहे. पण ज्याला जमिनीचा तुकडा मिळाला आणि ज्याच्या शेताच्या कडेला तो दगड उभा राहिला, त्याच्यापुरती तरी ती सुधारणा निव्वळ भूलथाप नव्हती. सुधारणा म्हणजे फसवणूक, हे सूत्र संपादकाच्या खुर्चीतून जितके स्वच्छ दिसते, तितके बांधावरून दिसत नाही.

असे असूनही या पुस्तिकेचे एक कार्य असे आहे की, त्यापुढे टीकाकाराने थोडे थांबावे. ऑक्सफर्डमध्ये १८९९ साली कामगारांसाठी रस्किन कॉलेज निघाले होते. तेथे आलेल्या खाणकामगारांना आणि रेल्वेकामगारांना हळूहळू वाटू लागले की, आपल्याला शिकवतात ते आपल्याला आपल्या माणसांपासून तोडण्यासाठी. १९०८ मध्ये त्यांनी एक मंडळ काढले, आणि त्याचे नाव डी लिऑनच्या या पुस्तिकेवरून ठेवले: प्लेब्ज लीग. फेब्रुवारी १९०९ मध्ये ‘प्लेब्ज’ हे मासिक सुरू झाले. त्याच वर्षी प्राचार्य डेनिस हर्ड यांना काढल्यावर विद्यार्थ्यांनी संप केला आणि त्यातून सेंट्रल लेबर कॉलेज उभे राहिले. ते १९२९ मध्ये बंद पडले; पण मधल्या काळात त्याने वेल्सच्या खाणींतून आलेल्या अन्युरिन बेव्हनसारख्या विद्यार्थ्यांना घडवले. रस्किनला जाऊन आलेला नोआ ॲब्लेट हा १९१२ साली टोनीपँडीत प्रसिद्ध झालेल्या ‘द मायनर्स नेक्स्ट स्टेप’ या पत्रकाच्या कर्त्यांपैकी प्रमुख. पुढारीपणाचे फायदे आणि तोटे यांचा त्यात रोखठोक हिशेब मांडला आहे, आणि सत्ता पुढाऱ्यांच्या हातून काढून खाणीतल्या माणसांकडे आणावी असे सुचवले आहे. लिसिनियसच्या शिडीची गोष्ट येथे खाणकामगारांच्या घटनेचे कलम होऊ पाहते. रोमविषयी चुकीचे असलेले पुस्तक वेल्सविषयी इतके खरे ठरावे, हा वाचनाचा चमत्कार आहे. त्याचे श्रेय मात्र मी लेखकापेक्षा वाचकांना अधिक देतो.

कारण लेखकाचे स्वतःचे वर्तन वेगळी कथा सांगते. पुढाऱ्यांवर पहारा ठेवा असे ज्याने शिकवले, त्याच्यावर पहारा ठेवणे त्याच्या पक्षात सोपे नव्हते. १८९९ मध्ये पक्ष फुटला. १९०४ मध्ये जेम्स कॉनली या आयरिश सभासदाने मजुरीवाढ व्यर्थ असते या मताला मार्क्सच्याच आधाराने हरकत घेतली. त्याचे पत्र छापले गेले, पण त्याबरोबर संपादकाचे खंडनही आले, आणि संपादकाचा शब्द हाच पक्षाचा शब्द मानण्याची तेथे रीत पडली होती. काही वर्षांत कॉनली त्या पक्षातून बाहेर पडला. या हकीकतीत व्यक्तिगत अहंकार असेल. पण मला तिचा आणि पुस्तिकेचा संबंध अधिक जवळचा दिसतो. ज्याच्या इतिहासात साक्षीदाराला प्रश्न विचारायची सोय नाही, त्याच्या वर्तमानपत्रात संपादकाला प्रश्न विचारायची सोय कोठून येणार?

हा प्रश्न न्यूयॉर्कपुरता नव्हता. मुंबईत १९२२ साली ‘सोशलिस्ट’ साप्ताहिक काढणाऱ्या श्रीपाद अमृत डांगे यांचा वेदकाळावरचा इंग्रजी ग्रंथ १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात यज्ञ ही आर्यांच्या आदिम साम्यसंघाची उत्पादनपद्धती म्हणून दाखवली होती. त्याच वर्षी भांडारकर संस्थेच्या वार्षिकात दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी त्यावर अत्यंत कडक परीक्षण लिहिले. कोसंबी काही विरुद्ध पक्षाचे नव्हते. मार्क्सची पद्धती तेही आपलीच मानत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, ही पद्धती विचाराचे हत्यार आहे, विचाराऐवजी वापरायची वस्तू नव्हे. आणि हत्यार चालवायला समोर खरा माल लागतो. पुढे स्वतः कोसंबींनी नाण्यांचे वजन करून आणि पुण्याच्या आसपासची देवस्थाने पायी तुडवून तो माल जमवला. डांग्यांना कामगारांसाठी भूतकाळ हवा होता, ही गोष्ट मला सहानुभूतीची वाटते. पण कामगारांसाठी म्हणून पुरावा थोडा कमी घेतला तर चालेल, या समजुतीत कामगारांचा मान राहत नाही. पंडितांना एक तराजू आणि मजुरांना दुसरा, हा भेद तर मेनेनियस आग्रिप्पाचाच होता.

म्हणून शेवटी डी लिऑनच्या पुस्तिकेविषयी माझा निवाडा असा आहे. तिने कामगारांना खुशामत न करता शिकवले, कठीण ग्रंथांतली माणसे त्यांच्या ओळखीची करून दिली आणि पुढाऱ्याच्या हातांकडे पाहायची सवय लावली. हे तिचे ऋण मोठे आहे. जे तिने दिले नाही, ते म्हणजे सांगणाऱ्याच्या हातांकडे पाहायची सवय. उद्या कोणी ही पुस्तिका मराठीत कामगारांच्या हाती देणार असेल, तर त्याने ती अवश्य द्यावी. त्यातला एकही शब्द गाळू नये. फक्त रोमच्या त्या दोन पानांना तिसरे एक पान जोडावे. लिव्हीने आपल्याच आधारावर, लिसिनियस मासेरवर, संशय घेतला त्या जागेचे ते पान असावे. खाणीत आधाराचा खांब ठोकून पाहिल्याशिवाय जो त्याखाली उभा राहत नाही, त्याला हे पान समजावून सांगायला फार वेळ लागणार नाही.